तेरचं कापड आणि भडोचची लाट

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. तेरणेचं पाणी मांजरेला, मांजरेचं गोदावरीला मिळतं आणि पूर्वेच्या उपसागराला जातं. तेरचं कापड मात्र दोन हजार वर्षांपूर्वी उलट्या अंगाला, पश्चिम समुद्राकडे निघायचं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की नर्मदाकाठच्या भडोच बंदराच्या दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. तिथलं साधं कापड आणि मलमल धड वाट नसलेल्या मुलखातून गाड्यांनी भडोचला येते. पुराभिलेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ साली हे तगर म्हणजे तेर असं मांडलं. तेर पैठणच्या आग्नेयेला आहे, नेमकं पूर्वेला नाही, हा आक्षेप खरा. पण परक्या खलाशाने ऐकीव माहितीवरून सांगितलेल्या दिशेत एवढा फरक पडणारच. इटलीतल्या पॉम्पेई या रोमन शहरात १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जवळची बहीण शोभावी अशी मूर्ती तेरला सापडली आहे, हा पुरावा मला दिशेपेक्षा वजनदार वाटतो.

या व्यापाराचं श्रेय आपण सातवाहनांना आणि श्रेष्ठींना देतो. माझ्या मते त्याची नाडी नर्मदेच्या मुखाशी लाट ओळखणाऱ्या कोळ्यांच्या हाती होती. तिथे पाण्याखाली वाळूचे दांडे आहेत. अमावस्येच्या रात्री भरती यायची ती आधी कानावर: लांबून फौजेच्या आरोळीसारखा आवाज, आणि पाठोपाठ फेसाळलेलं पाणी दांड्यांवर धडकायचं. नांगरलेली गलबतंही त्यात उलटत. नवख्याने इथे शिरू नये, असं ग्रंथकार बजावतो. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी त्राप्पग आणि कोटुंब नावाच्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, गलबतं ओढून आणत, भरती लागली की निघत, ओहोटीला ठरलेल्या डोहांत थांबत. नदीतून भडोचपर्यंतचा प्रवास सुमारे ३०० ग्रीक स्टेडियांचा. १९५५ साली ब्रिटिश लष्करी अधिकारी जॅक चर्चिल यांनी इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीत अशाच भरतीच्या लाटेवर फळी घातली, तेव्हा त्याला सर्फिंग म्हटलं गेलं. तो खेळ होता आणि कोळ्यांचं पोट होतं, म्हणून तुलना गैर, असं कुणी म्हणेल. पण लाट कधी उठेल, कुठे फुटेल आणि तिच्या जोरावर किती पुढे जाता येईल, ही जाण दोन्हीकडे एकच. कोळ्यांच्या पाठीशी तर माल भरलेलं गलबत असे.

कल्याण जवळ असताना भडोचचा धोका कशाला, ही शंका रास्त आहे. उत्तर त्याच ग्रंथात आहे: कल्याणचा व्यापार तेव्हा अडवलेला होता आणि तिकडे चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे तेरच्या विणकराने समुद्र कधी पाहिला नसेल, तरी त्याच्या कापडाला त्या लाटेतून जाणं चुकत नव्हतं. परदेशी नाण्यांचं अप्रूप मात्र तेरपर्यंत पोचलं. रोमन नाण्यांवरून घडवलेल्या मातीच्या चकत्या तिथे मिळाल्या आहेत, आणि दोरा ओवून गळ्यात घालता यावं म्हणून त्यांना भोक ठेवलेलं आहे.