मंडपेश्वरचा मठ आणि निर्धनतेचे व्रत

1534 च्या तहान्वये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टीचा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसने तेराव्या शतकात स्थापन केलेल्या संघाच्या सभासदांनी, आजच्या बोरिवलीतील मंडपेश्वरची शैव लेणी ताब्यात घेऊन तेथे प्रार्थनास्थळ केले व वर मठ बांधला. नटराजाचे शिल्प असलेल्या या लेण्यांत कातळावर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो.

या संघाचे व्रत कठोर होते; संन्याशाने स्वतःचे काही बाळगायचे नाहीच, पण संघानेही मालमत्ता धरायची नाही. मठाला अन्न लागते, शाळेला खर्च लागतो, तेव्हा हे निभावायचे कसे, हा पेच युरोपात जुनाच होता. त्यावर तोड निघाली ती अशी की, वापर संघाचा आणि मालकी पोपची; मात्र 1322 मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी ही मालकी झिडकारली, कारण जी वस्तू खाऊन संपते तिचा वापर मालकीपासून वेगळा काढता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोडून काढणे सोपे नाही. पोर्तुगीज अमलात देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न मिशनकार्याकडे वळवले गेले; अकिंचन म्हणवणाऱ्यांच्या कार्याला दुसऱ्याच देवाच्या जमिनीचा आधार मिळाला.

व्यक्तीपुरती निवड मात्र स्वच्छ असू शकत होती. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाने जपानमधील भरभराटीचा व्यापार सोडून मनिला येथे याच संघात बंधू, म्हणजे पुरोहितपदाची दीक्षा न घेतलेला व्रतस्थ, म्हणून प्रवेश केला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत त्याला क्रुसावर मारण्यात आले आणि 1862 मध्ये चर्चने त्याला संतपद दिले.

मराठ्यांनी 1737 मध्ये साष्टी व 1739 मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज राजाश्रय संपला, तरी गावोगावचे ख्रिस्ती कुणबी व कोळी धर्माला धरून राहिले. 1887 नंतर ईस्ट इंडियन म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या या समाजाचे खरे धन म्हणजे भातशेती. विसाव्या शतकात ती वसाहती व कारखान्यांखाली गेली. अंधेरीतील कोंडिविट्याचे जेझुइटांनी 1579 मध्ये बांधलेले चर्च आता भग्नावस्थेत, 1973 मध्ये सुरू झालेल्या ‘सीप्झ’ या निर्यात क्षेत्राच्या कुंपणाआड आहे.