ख्रिस्ती दृष्टी आणि कोकणचे बेने इस्राएल

कोल्हापुरात 1852 साली रॉयल गूल्ड वाइल्डर नावाचे एक अमेरिकन मिशनरी येऊन राहिले. त्यांच्या नावाचे देवालय या शहरात आजही उभे आहे. रविवारी तेथील उपासनेस कोणी गेला, तर करवीरवासी मराठी माणसांच्या मुखातून सियोन, यार्देन आणि यरुशलेम ही नावे त्यास ऐकावयास मिळतील. ज्यांनी पंचगंगेपलीकडची नदी क्वचितच पाहिली, त्यांनाही यार्देनचे नाव लहानपणापासून परिचित असते. एका परक्या लोकांचा इतिहास व त्यांची मायभूमी ही अशा रीतीने आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या मनात घर करून बसली आहेत.

परंतु ते लोक खरोखरच परके होते काय? कोल्हापुराहून घाट उतरून वायव्येस गेले म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा लागतो. तेथील खेड्यापाड्यांतून शेकडो वर्षे जे लोक तेलाचा घाणा चालवीत आले, ते स्वतःस इस्राएलाचे पुत्र, म्हणजे बेने इस्राएल, म्हणवीत. याउलट नैर्ऋत्येस गेले म्हणजे गोमंतक लागतो. ख्रिस्ती जगाने यहुदी लोकांकडे कोणकोणत्या दृष्टींनी पाहिले, याचा इतिहास समजून घेण्यास युरोपपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. तो आपल्या या किनाऱ्यावरच घडला आहे.

प्रथम गोमंतकाकडे वळू. स्पेनने 1492 साली यहुद्यांस देशाबाहेर घालविले. पुष्कळांनी पोर्तुगालचा आश्रय घेतला. पण तेथेही 1497 साली त्यांस सक्तीने बाप्तिस्मा देण्यात आला. अशाच एका कुटुंबात जन्मलेला गार्सिया द ओर्ता हा वैद्य 1534 साली गोव्यास आला. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधे यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. मुंबई बेट पोर्तुगीज सरकारने त्यास पट्ट्याने दिले होते. असा हा मान्यवर पुरुष 1568 साली वारला. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा शोध घेणारे न्यायासन, सुरू झालेलेच होते. त्याच्या बहिणीस, कातारिना हिला, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून 1569 साली जिवंत जाळण्यात आले. आणि 1580 साली खुद्द ओर्ताच्या अस्थी उकरून काढून त्यांची राख करण्यात आली. बाप्तिस्मा घेतला तरी यहुदी तो यहुदीच, अशी ही संशयाची दृष्टी होय. ते न्यायासन अखेरचे बंद झाले ते 1812 साली.

विशेष असे की, त्याच्या पुढच्याच वर्षी, 1813 साली, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले, आणि या किनाऱ्यावर अगदी निराळ्या ख्रिस्ती दृष्टीचा प्रवेश झाला. ती समजण्यास तिच्या मुळाशी असलेला विचार पाहिला पाहिजे. देवाने इस्राएलाशी केलेला करार आता ख्रिस्ती मंडळीकडे आला आणि यहुद्यांचे निराळे प्रयोजन उरले नाही, असे मत चर्चमध्ये शतकानुशतके प्रबळ होते. परंतु पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात जैतुनाच्या झाडाचा दृष्टांत आहे. परराष्ट्रीय ख्रिस्ती हे त्या झाडावर बांधलेले कलम, मूळ मात्र इस्राएलाचे, असा त्याचा आशय. त्याच्या आधारे इंग्लंड व स्कॉटलंडमधील पुष्कळ प्रॉटेस्टंट असे मानू लागले की, यहुदी लोक एके दिवशी ख्रिस्तास मान्य करतील व आपल्या प्राचीन भूमीत परत जातील. त्यांच्यात धर्मप्रचार करण्यासाठी लंडनमध्ये 1809 साली स्वतंत्र संस्था निघाली.

या श्रद्धेने भारलेले मिशनरी कोकणात आले, तेव्हा त्यांस काय दिसले? शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शेजाऱ्यांनी ‘शनवार तेली’ असे नाव दिलेले लोक. भाषा मराठी, पेहराव मराठी, आडनावे गावांवरून पडलेली : किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांस नवगावच्या किनाऱ्यावर पुरले, अशी त्यांची परंपरागत हकीकत. आठव्या दिवशी मुलाची सुंता, पंख व खवले असलेलाच मासा खाणे आणि ‘शेमा’ ही प्रार्थना, एवढे पूर्वजांचे देणे त्यांनी जतन केले होते. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली पहिले प्रार्थनामंदिर बांधले होते. 1826 पासून कोचीनचे यहुदी शिक्षकही येऊ लागले होते. तरी सामान्य जनांस हिब्रू ग्रंथ अगम्यच होते.

इस्राएलाचे जे दहा वंश इतिहासात लुप्त झाले म्हणतात, ते हेच तर नव्हेत, अशी मिशनऱ्यांची उत्कंठा जागी झाली. डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले, आणि 1832 साली त्यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहून प्रसिद्ध केले, तेही मुद्दाम बेने इस्राएलांसाठी. मिशनच्या शाळांतून या समाजाची मुले शिकू लागली, कित्येक जण तेथे शिक्षक झाले. पवित्र शास्त्राची मराठी भाषांतरे छापून निघत गेली, तसतशी मोशे व दावीद यांची चरित्रे लोक आपल्या भाषेत वाचू लागले.

मिशनऱ्यांचा हेतू उघड होता. जुना करार वाचला म्हणजे हे लोक आपोआप नव्या कराराकडे वळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले मात्र विपरीत. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, जुना करार घेतला, इंग्रजी विद्या घेतली, आणि त्यांच्या साह्याने ते आपल्याच धर्मात अधिक दृढ झाले. ख्रिस्ती झालेले अगदी थोडे. जोसेफ एझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या व मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षक झाले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा 1874 साली पुण्यात मराठी अर्थासह छापली गेली. तिच्या चित्रांतील स्त्रिया चक्क लुगडी नेसलेल्या आहेत. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 साली लिहून पुरा केला. त्यात मिशनऱ्यांच्या उपकारांचा उल्लेख ते मनमोकळेपणाने करतात. उपकार मानावा, पण धर्म सोडू नये, हा त्या समाजाचा विवेक मला फार थोर वाटतो.

आता मायभूमीचा प्रश्न. डॉ. विल्सन 1843 साली स्वदेशी जाताना वाटेत पॅलेस्टाइनमध्ये हिंडले. ख्रिस्ती झालेले पारशी तरुण धनजीभाई नौरोजी त्यांच्यासमवेत होते. पुढे 1847 साली विल्सनांचा पवित्र शास्त्रातील देशांविषयीचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिशनऱ्यांस यहुद्यांची मायभूमी तेथे दिसत होती. बेने इस्राएलांची भावना मात्र दुहेरी होती. प्रार्थनेत यरुशलेमची ओढ होतीच. पण अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावरची खूण दाखवून, एलिया संदेष्ट्याचा रथ येथूनच स्वर्गास गेला, असेही ते भक्तिभावाने सांगत. थिओडोर हर्झल यांनी 1897 साली बाझल येथे पहिली झायोनिस्ट परिषद भरविली, तेव्हा या समाजासही निमंत्रण आले होते. परतण्याचे कार्य ईश्वराच्या हातून व्हावयाचे आहे, मनुष्याच्या नव्हे, असे म्हणून त्यांनी ते नाकारले.

ख्रिस्ती जगतात मात्र या प्रश्नावर दोन तट होते. व्हिएन्ना येथील अँग्लिकन धर्मोपदेशक विल्यम हेखलर हे भाकितांच्या आधारे हर्झल यांचे उत्साही साहाय्यक बनले. तर 1904 च्या जानेवारीत पोप दहावे पायस यांनी हर्झल यांस स्पष्ट नकार दिला. एकाने यहुद्यांत भाकिताची पूर्तता पाहिली, दुसऱ्याने ख्रिस्ताचा अव्हेर पाहिला.

पुढे 1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले. त्या वेळच्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले, आणि त्यांत ख्रिस्ती अरबही होते. भाकितांचे अर्थ लावणाऱ्यांनी ज्या भूमीची शतकभर चिंता वाहिली, तीत आपलेच धर्मबंधू नांदत आहेत, याचे भान त्यांस कितीसे होते? बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य लोक पुढील काही दशकांत तिकडे गेले. तेथील धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका काढली. त्यांस मोठा लढा द्यावा लागला. अखेर 1964 साली तेथील संसदेने ते सर्व दृष्टींनी समान यहुदी असल्याचे जाहीर केले. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1965 साली, रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तवधाचा दोष समस्त यहुदी लोकांवर ठेवता येणार नाही, असे घोषित केले. कातारिना द ओर्ता हिच्या चितेस तेव्हा 396 वर्षे झाली होती.

श्रोतेहो, संशयाची दृष्टी व भाकिताची दृष्टी यांस मी एका पारड्यात घालीत नाही. एकीने माणसे जाळली, दुसरीने व्याकरण दिले. पण दोहोंतही एक उणीव समान होती. समोरचा मनुष्य स्वतः काय म्हणतो, हे ऐकून घेण्यापूर्वीच तो कोण आहे व कोठे जावयाचा आहे, हे ठरून गेलेले असे. कोकणातील त्याच्या शेजाऱ्यांनी ते ठरविण्याचा खटाटोप केला नाही. तो शनिवारी घाणा चालवीत नाही एवढे त्यांनी पाहिले, त्यावरून त्यास नाव दिले, आणि रविवारी त्याच्याकडून तेल घेतले.

इस्राएलात गेलेले हे लोक तेथे ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक काढीत आले आहेत. कोल्हापुरच्या देवालयात मराठी माणसे यरुशलेमचे गीत गातात, आणि तिकडे यरुशलेमच्या देशात यहुदी घरांतून कोकणची मराठी बोलली जाते. मायभूमी एकच असते, असे मानणाऱ्यांनी या दोन्ही घरांत एकदा डोकावून पाहावे.