सांबराची शिंगे आणि सोपाऱ्याचा दगड

वसईच्या आमच्या जुन्या घरात ओसरीच्या भिंतीवर सांबराची शिंगे होती. दोन्ही शिंगांना तीन-तीन टोके, आणि बुंधा असा जाड की माझ्या लहानपणीच्या मुठीत तो निम्माही मावत नसे. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती पुसून त्यांना झेंडूची माळ घालण्याचे काम माझ्याकडे असे. फराळाला पाहुणे आले की आजोबा मान वर करीत आणि सांगत, "तुंगारच्या पायथ्याशी, एका गोळीत!" आम्ही पोरे दर वर्षी तितक्याच भक्तिभावाने ते ऐकत असू.

साधारण १९६५ सालची गोष्ट असेल. कामणच्या बाजूने लाकडाच्या मोळ्या घेऊन येणारा एक वारली म्हातारा दिवाळीत अंगणात फराळाला बसला होता. आजोबा आत गेलेले पाहून त्याने शिंगांकडे बोट केले आणि हळूच म्हणाला, "पोरा, ते जनावर माझ्या बापाच्या तिराने पडलेले. गोळी मागून लागली."

मी थक्क झालो. आजोबांना विचारण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही. पण त्या म्हाताऱ्याकडून मात्र मी पुढे कितीतरी दिवस तीरकामठ्याची विद्या ऐकली.

कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची. असल्या कामठ्याने सांबर मारायचे तर पंचवीस-तीस पावलांच्या आत जावे लागते, आणि सांबराचे नाक तर माणसाच्या कल्पनेपलीकडचे. म्हणून आधी पाहायचा तो वारा, मग जनावराची वाट. मोठा नर वर्षातला बराच काळ एकटा हिंडतो. उन्हाळ्यात त्याची शिंगे गळतात, पावसाळ्यात मखमलीसारख्या कातडीखाली नवी वाढतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी टणक होतात. म्हाताऱ्याचा बाप पाणवठ्याच्या वर, वाऱ्याच्या उलट अंगाला, तीन संध्याकाळी नुसता बसून होता. चौथ्या संध्याकाळी त्याने तीर सोडला. तीर लागला म्हणून जनावर जागच्या जागी पडत नाही. लगेच मागे धावले तर ते भिऊन कोसभर जाते. म्हणून थांबायचे, आणि मग पानांवरच्या रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. असा तो माग काढीत असतानाच खालच्या ओढ्यात आजोबांच्या मंडळींना पाय दुमडून पडलेले सांबर दिसले.

पुढे कॉलेजात इतिहास घेतला, आणि हीच धनुष्याची शिकार मला फार मोठ्या घरी भेटली. ग्रीक वकील मेगास्थनीस चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी होता. त्याच्या आधारे स्ट्रॅबोने राजाच्या शिकारीचे वर्णन दिले आहे. राजाभोवती स्त्रियांचा घोळका, त्याबाहेर भालाईत, रस्त्याला दोन्ही बाजूंनी दोर लावलेले, आणि दोराच्या आत पाऊल टाकणाऱ्याला मरण! पुढे नगारे आणि घंटा. कुंपण घातलेल्या रानात राजा मचाणावरून बाण सोडी, जवळ दोन-तीन सशस्त्र स्त्रिया उभ्या. मोकळ्या रानात हत्तीवरून. हे वाचून मला म्हाताऱ्याच्या बापाच्या त्या चार संध्याकाळी आठवल्या आणि, खरे सांगतो, हसू आले.

या चंद्रगुप्ताचा नातू अशोक. त्याने शिकार सोडली, आणि ती सोडल्याचा लेख आपल्या सोपाऱ्यात खोदवला होता! नालासोपाऱ्याच्या गाडीत रोज लोंबकळणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटाची टेकडी खणून तिथला स्तूप उजेडात आणला. सोन्याची फुले, करंडकात करंडक, भिक्षापात्राचे तुकडे, मैत्रेयादी आठ मूर्ती, असा त्या स्तूपाचा ठेवा होता. त्याचे कौतुक सर्वांनी केले. पण याच सोपाऱ्यात त्यांना अशोकाच्या आठव्या आज्ञेचा एक फुटका दगडही मिळाला, आणि मला तो सोन्याहून मोलाचा वाटतो. भगवानलालांचा जन्म जुनागढचा. गिरनारच्या खडकावरचे अशोकाचे लेख त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. तुटक्या ओळी ओळखायला याहून योग्य डोळे कुठून मिळणार? १९५६ साली नवव्या आज्ञेचाही तुकडा याच परिसरात सापडला.

सोपाऱ्याच्या दगडावर आठव्या आज्ञेचा थोडाच भाग उरला आहे. पुरा मजकूर गिरनार, काळशी येथल्या खडकांवरून कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात, तेथे मृगया आणि तसलीच करमणूक चाले. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर हा राजा बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट, खेड्यापाड्यांतल्या माणसांशी बोलणे, आणि यातच राजाला अधिक आनंद! पहिल्या आज्ञेत तर मुदपाकखान्याचा हिशेब आहे: दररोज दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नेहमी नाही, आणि पुढे तेवढेही बंद. १९५८ साली कंदाहारला सापडलेल्या ग्रीक-अरमाईक लेखात राजाच्या शिकाऱ्यांनी आणि कोळ्यांनीही आपला धंदा सोडल्याचे म्हटले आहे. मात्र तेराव्या आज्ञेत रानातल्या लोकांशी राजा निराळ्या सुरात बोलतो. पश्चात्ताप झाला असला तरी आपल्या हाती बळ आहे, त्यांनी वागणूक सुधारावी, नाहीतर प्राणाला मुकाल, असा त्याचा अर्थ आहे. कलिंगाच्या दुःखाने विरघळलेल्या राजाचे हे वाक्य मला अजून बोचते.

एका सुट्टीत मी त्या म्हाताऱ्याला आठव्या आज्ञेची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. राजाने शिकार सोडली, हे त्याला आवडले. मग त्याने विचारले, "त्याच्या कोठारात भात होता ना?"

होता, मी म्हणालो.

"मग सोडली, बरे केले. आमच्याकडे भात दिवाळीपासून होळीपर्यंत पुरतो."

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच्या मुलांनी कामठा आढ्याला अडकवून ठेवला. मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. उरलेली जनावरे नाहीतर राहिली नसती. २००३ साली तुंगारेश्वरचे रान अभयारण्य झाले तेव्हा मला आनंदच झाला. पण तो म्हातारा तेव्हा हयात नव्हता, आणि होळीनंतरच्या महिन्यांचे काय, हे त्याच्या नातवंडांना कोणी विचारल्याचे माझ्या कानावर नाही.

आजोबा गेल्यावर वडिलांनी ती शिंगे वनखात्याच्या स्वाधीन केली. त्या वेळी कारकुनाने विचारले, "कोणी मारले होते?" वडील म्हणाले, "आमच्या वडिलांनी, बंदुकीने." मी शेजारीच उभा होतो. कारकुनाने लिहून घेतले, आणि मी काही बोललो नाही.