ठशाला माप असते, छायाचित्राला नसते : नाणेघाट, वीरगळ आणि संगणकावरील मोजणी

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाले की वैशाखरे गावापुढून नाणेघाटाची वाट सुटते. कोकणातील बंदरांचा माल जुन्नरकडे नेणारा हा सातवाहनकालीन मार्ग. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध लेख आहे. या धाग्याचा विषय मात्र लेखाचा मजकूर नाही. असा लेख, किंवा गावच्या देवळापाशी उभा असलेला वीरगळ, छायाचित्रावरून मोजायचा कसा, हा आहे. थोडा लांबेल, पण उपयोगी पडेल.

आधी अडचण काय आहे ते पाहू. नाणेघाटच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत : गायी, घोडे, हत्ती, कार्षापण. त्या काळी शून्य आणि स्थानमूल्य वापरात नव्हते. शंभराला स्वतंत्र चिन्ह होते. त्याला एक आडवी रेघ जोडली की दोनशे, दोन जोडल्या की तीनशे. सातशेसाठी शंभराच्या चिन्हाला सातचे चिन्ह जोडीत. म्हणजे खडकातली एक बारीक रेघ छिन्नीची की पावसाने पडलेल्या भेगेची, यावर शंभर गायींचा फरक पडतो!

पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७०च्या दशकात या अंकांचा अभ्यास केला. पुढे १८८३ साली ब्यूलर यांनी लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. त्या पिढीचे मुख्य साधन म्हणजे कागदाचा ठसा. ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वाळल्यावर उतरवायचा. या पद्धतीचा एक गुण सहसा लक्षात घेतला जात नाही. ठसा दगडाएवढाच असतो. मुंबईत टेबलावर पसरून त्यावर पट्टी ठेवली, तर ती दगडावर ठेवल्यासारखीच असते, आणि खाचेचा उठावही बोटाला लागतो.

छायाचित्रात या दोन्ही गोष्टी हरवतात. मोबाईलमधले अक्षर किती सेंटिमीटरचे हे चित्र स्वतः सांगू शकत नाही, आणि खोलीची जागा सावली घेते. चित्रसंपादनाच्या प्रणालींतली मोजणीची व त्रिमितीची साधने हे गेलेले माप परत मिळवण्यासाठी आहेत. मात्र ते परत येण्याजोगे काही छायाचित्र घेतानाच त्यात ठेवलेले असावे लागते.

म्हणून चौकटीत मापपट्टी हवीच, आणि ती दगडाच्या पृष्ठभागाच्याच पातळीत हवी. आपण दोन मीटरवर उभे आहोत आणि पट्टी दगडापुढे दहा सेंटिमीटरवर हातात धरली आहे, असे समजा. पट्टी कॅमेऱ्याला जवळ असल्यामुळे सुमारे पाच टक्के मोठी दिसेल, आणि एक मीटरचा वीरगळ पंचाण्णव सेंटिमीटरचा भरेल. संगणक हे उत्तर निमूटपणे, दशांश चिन्हासह देतो. मला सर्वाधिक भीती या दशांशाचीच वाटते.

फोटोशॉपमध्ये इमेज मेनूत अ‍ॅनालिसिस आणि त्यात ‘सेट मेजरमेंट स्केल’ आहे. चित्रातल्या पट्टीवर रुलर ओढून ती किती पिक्सेल आहे ते पाहावे आणि तिची खरी लांबी तिथे भरावी. वीस सेंटिमीटरची पट्टी १,६०० पिक्सेल भरली, तर एक सेंटिमीटर म्हणजे ८० पिक्सेल. मग ४८० पिक्सेलचे अक्षर सहा सेंटिमीटरचे. मोजमापे ‘मेजरमेंट लॉग’मध्ये नोंदवून मजकुराच्या फाईलमध्ये काढता येतात. पैसे खर्चायचे नसतील तर गिंपमधले मेझर टूल आहे, आणि इमेजजे ही मुळात वैद्यकीय संशोधनासाठी तयार झालेली प्रणाली तर या कामाला फोटोशॉपपेक्षाही सरस, असे माझे मत आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. प्रत्येक अंतर तीनदा मोजावे आणि तिन्ही आकडे लिहावेत, केवळ सरासरी नव्हे.

शहापूर-मुरबाड भागात वीरगळ सहसा देवळाच्या भिंतीला टेकलेले, कललेले, कधी अर्धे जमिनीत असतात. समोरून सरळ छायाचित्र मिळत नाही. अशा वेळी दगडाच्या सपाट भागावर ए-फोर आकाराचा कोरा कागद सपाट धरावा. पर्स्पेक्टिव्ह क्रॉपने कागदाचे चार कोपरे चौकोनात आणले की दगडही सरळ होतो. मग कागदाची लांबी भागिले रुंदी करून पाहावी; १.४१ च्या आसपास आले नाही तर चित्र अजून तिरपे आहे. याने फक्त कागदाची पातळी सरळ होते, हे मात्र विसरू नये. पुढे आलेला घोडा किंवा वीराचा खांदा त्या मापात बसत नाही.

त्यासाठी त्रिमिती लागते. हा विचार छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८५८ साली जर्मनीत वेट्झलरच्या चर्चची मोजणी करताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउर हा तरुण उंचावरून पडता पडता वाचला, आणि जीव धोक्यात घालण्याऐवजी छायाचित्रांवरूनच इमारत मोजावी असे त्याच्या मनात आले. आज मेशरूमसारखी विनामूल्य प्रणाली तेच करते. दगडाभोवती फिरत, एकमेकांवर निम्म्याहून अधिक येतील अशी चाळीस-पन्नास छायाचित्रे घ्यावीत. झूम बदलू नये, फ्लॅश टाळावा, ढगाळ दिवस उत्तम. प्रतिकृती तयार झाली की तिच्यावर कृत्रिम प्रकाश कोणत्याही बाजूने टाकता येतो. छिन्नीची रेघ आणि भेग यांचा तळ वेगळा दिसू लागतो. ठशावर बोट फिरवण्याच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट हीच.

फोटोशॉपवर त्रिमितीसाठी विसंबू नये. अ‍ॅडोबीने २०२१ पासून ती साधने काढून घेतली. प्रतिकृती ओबीजेसारख्या खुल्या स्वरूपात ठेवावी आणि मूळ छायाचित्रे कधीही पुसू नयेत.

आणखी एक मोह. नाणेघाटच्या मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. वर सिमुक, नागनिका, सातकर्णी अशी नावे आणि खाली पायांचे अवशेष एवढेच उरले आहे. रिकामी जागा भरून ‘मूळ मूर्ती’ दाखवणे संगणकाला सहज जमते. भरलेला भाग वेगळ्या रंगात दाखवला नाही, तर तो इतिहास राहत नाही.

नाणेघाट संरक्षित स्मारक आहे : तिथे अक्षरांत खडू भरू नये, पाणी ओतू नये, परवानगीशिवाय ठसा घेऊ नये. गावच्या वीरगळाला हात लावण्याआधी पुजाऱ्यांना व गावकऱ्यांना विचारावे. तो त्यांचा देव आहे. सणासुदीला त्यावर शेंदूर चढतो, अलीकडे ऑइलपेंटही. प्रत्येक थरासोबत ढालीची कड, घोड्याचा लगाम, माथ्यावरचे चंद्र-सूर्य थोडे बुजतात. आधीच्या वर्षीचे पट्टीसह घेतलेले छायाचित्र हाताशी असेल, तर किती बुजले ते मिलिमीटरमध्ये सांगता येते.