स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांसाठी छोटं केअर होम निवडताना काय बघाल? इमारत नंतर, आधी तिथली संध्याकाळ

सुरत (पर्वत पाटिया), प्रतिनिधी :

पर्वत पाटिया, लिंबायत, गोडादरा, डिंडोली या पट्ट्यात नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. लूमवर आणि कापड मार्केटात आयुष्य घालवलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. घर दोन खोल्यांचं. मुलगा सकाळी मार्केटला जातो, सून घरी साड्यांना लेस लावते. अशा घरात आई गॅस चालू ठेवून विसरते, रात्री कडी काढून "माले घर जानं शे" म्हणत रस्त्यावर निघते. घरचे काही महिने जागून काढतात, मग कुणीतरी सांगतं, "अमुक सोसायटीत एक होम आहे, ठेवून द्या तिथे."

घाई करू नका. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे 88 लाख जणांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे. त्या मानाने खास या आजाराची होम फारच कमी. त्यामुळे साधा वृद्धाश्रमही "आम्ही असे पेशंट घेतो" म्हणतो. घेणं वेगळं आणि सांभाळता येणं वेगळं.

आधी निदान पक्कं करा

विसरणं म्हणजे दरवेळी स्मृतिभ्रंश नसतो. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही माणूस विसरतो, आणि त्यावर उपचार आहेत. दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग असू शकतो. उमरवाड्याचं स्मीमेर किंवा मजुरा गेटची नवी सिव्हिल, इथे आधी दाखवा. होमवाल्याला खरं सांगा : रात्री उठते, मारते, कपड्यात होतं. हे लपवून ठेवलं तर आठ दिवसांत परत न्यायचा फोन येतो.

एकदा सांगून जा, एकदा न सांगता

पहिल्या भेटीत ऑफिस, फरशी, टीव्ही सगळं चकाचक दिसेल. दुसऱ्यांदा न सांगता, संध्याकाळी सहाच्या सुमारास जा. या आजारात दिवस मावळताना बऱ्याच जणांची घालमेल वाढते. घरी जायचंय म्हणून दाराशी येतात, रडतात, चिडतात. त्या वेळी केअरटेकर काय करतो ते उभं राहून बघा. हात धरून चार पावलं फिरवतो, की खुर्चीत दाबून बसवतो?

सगळे एकदम शांत दिसले तर खुश होऊ नका. सकाळी अकरा वाजता सगळेच झोपलेले असतील तर औषधाचा तक्ता मागा. चिडचिडीवर देतात त्या काही मानसिक आजाराच्या गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 सालीच दिला आहे. अशी गोळी कोणत्या डॉक्टरने, किती दिवसांसाठी लिहिली, हे कागदावर हवं.

माणसांचा हिशोब मांडा

"बारा पेशंटला सहा केअरटेकर" ऐकायला बरं वाटतं. पण हिशोब करा. बारा तासांची पाळी आणि आठवड्याला एक सुट्टी धरली तर एक माणूस आठवड्यात 72 तास देतो. सहा जणांचे झाले 432. आठवड्याचे तास 168. म्हणजे एका वेळी सरासरी अडीच माणसंच. दिवसा चार ठेवली तर रात्री बारा जणांना एकच उरतो. तो एकाला बाथरूमला नेतो तेव्हा बाकी अकरांकडे कोण बघतं? म्हणून विचारायचा प्रश्न हा : "रात्री दोन वाजता जागं कोण असतं?"

भाषा विचारा

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा फार मोठा आहे. या आजारात नंतर शिकलेली भाषा बहुतेक वेळा आधी जाते आणि लहानपणची शेवटपर्यंत टिकते. चाळीस वर्षं बाजारात फाडफाड गुजराती बोललेली आई फक्त अहिराणीवर येऊ शकते. तिला पाणी हवंय की पोटात दुखतंय, हे समजणारा एक तरी माणूस प्रत्येक पाळीत पाहिजे. नसेल तर रोजचे वीस-पंचवीस शब्द आणि त्यांचा अर्थ गुजरातीत लिहून भिंतीवर लावायला द्या. जेवणाचंही तसंच. रोज गोड डाळ मिळाली आणि ताट तसंच परत गेलं, तर "खातच नाही" एवढंच तुमच्या कानावर येईल.

कुलूप, आग, पाणी

बाहेर निघून जाऊ नये म्हणून दार बंद लागतं, हे खरं. पण चावी कुणाकडे? दुसरा जिना आहे का? सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये 24 मे 2019 रोजी 22 विद्यार्थी गेले, ते या शहराने पाहिलंय. फायर एनओसी मागायला लाजू नका. या भागात पावसाळ्यात खाडीचं पाणी भरतं. होम तळमजल्यावर असेल तर पाणी आल्यावर पेशंट कुठे हलवतात, तेही विचारा.

कागद आणि पैसे

मानसिक आरोग्य कायदा, 2017 मधल्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यांचे गंभीर विकारही येतात. अशा रुग्णांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेने राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. तो नंबर मागा. याच कायद्याने साखळीने बांधायला आणि खोलीत एकटं कोंडायला पूर्ण बंदी आहे. हातपाय बांधणं शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून चालत नाही.

पैशाचं सगळं लेखी घ्या : महिन्याचे किती, डायपर, औषधं, फिजिओ, दवाखान्याची गाडी यांचे वेगळे किती, दरवर्षी वाढ किती, डिपॉझिट परत कधी. महिनाभराआधी माणूस गेला किंवा घरी नेला तर उरलेल्या दिवसांचं काय? प्रत्येक रकमेची पावती घ्या. बँकेचं पासबुक, दागिने आणि घराचे कागद तिथे ठेवू नका.

ठेवल्यानंतर

आधी आठवडाभर ठेवून बघा. दाखल केलं त्या दिवशी वजन लिहून घ्या, पुढे दर महिन्याला करा. वजन उतरत असेल तर डॉक्टरला दाखवा आणि जेवण भरवतं कोण ते विचारा. पाठ, कंबर आणि टाचा स्वतः बघा. जखमा तिथेच आधी होतात. भेटीची वेळ दरवेळी बदला. "रविवारीच या, पेशंट डिस्टर्ब होतो," असं कायम सांगणाऱ्या होमपासून जपून राहा.

एक भाऊ सुरतला आणि एक गावी असेल तर पैसे कोण देणार आणि भेटायला कोण जाणार, हे दाखल करण्याआधीच ठरवा. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन 14567 आणि मानसिक आरोग्यासाठी टेली मानस 14416 आहे. दोन्हीला पैसे लागत नाहीत.

होममध्ये ठेवलं म्हणजे टाकून दिलं, असं नातेवाईक बोलतील. आईला आठवड्यातून दोनदा कोण भेटतं, तिच्या भाषेत कोण बोलतं, हे तुम्हाला माहीत असेल तर त्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.