जावाच्या आभासी यंत्रातील झोप आणि जाग

सर्व्हर सुरू असतो, प्रोसेसरवर भार नसतो, स्मृती पुरेशी शिल्लक असते, त्रुटीची एकही नोंद झालेली नसते. तरीही ग्राहकांच्या विनंत्यांना उत्तर मिळत नाही. मोठ्या संगणकप्रणाली सांभाळणाऱ्यांना ही अवस्था अपरिचित नाही. अशा वेळी शोध घेतल्यास अनेकदा असे आढळते, की आज्ञावलीतील एखादा थ्रेड झोपी गेला आहे आणि त्याला जागे करणारी हाक वाटेतच हरवली आहे. थ्रेडला निजवणे आणि योग्य क्षणी उठवणे हे वरकरणी साधे वाटणारे काम जावाचे आभासी यंत्र, अर्थात व्हर्च्युअल मशीन, कसे पार पाडते, हे म्हणूनच जाणून घेण्यासारखे आहे.

थ्रेड म्हणजे आज्ञावलीतील कामाचा एक स्वतंत्र धागा. एकाच आज्ञावलीत असे शेकडो धागे एकाच वेळी चालू असतात आणि ते सामायिक माहिती वापरतात. एक थ्रेड खात्यातील शिल्लक बदलत असताना दुसऱ्याने तिला हात लावू नये, यासाठी त्या माहितीला कुलूप असते. ज्याला कुलूप मिळाले नाही, त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात. कुलूप उघडले काय, हे तो पुन:पुन्हा तपासू शकतो. मात्र त्यात प्रोसेसरचा वेळ वाया जातो. किंवा तो झोपी जाऊ शकतो. परंतु झोपणे आणि उठणे यांतही काही मायक्रोसेकंद खर्ची पडतात. म्हणूनच सन मायक्रोसिस्टिम्सच्या हॉटस्पॉट या आभासी यंत्राने मधला मार्ग पत्करला. थ्रेड आधी थोडा वेळ तपासत राहतो आणि तेवढ्यात कुलूप न मिळाल्यासच निजतो.

मॉनिटरची परंपरा

जावा भाषा १९९५ मध्ये जाहीर झाली. तिच्यातील प्रत्येक वस्तूसोबत एक मॉनिटर, म्हणजे कुलूप आणि प्रतीक्षागृह यांची जोडी, आरंभापासूनच दिलेली आहे. ही कल्पना मात्र त्याहून जुनी. पर ब्रिंच हान्सेन आणि टोनी होअर यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती मांडली. होअर यांचा प्रसिद्ध निबंध १९७४ चा. होअर यांच्या मांडणीत जागा केलेला थ्रेड तत्क्षणी कुलपाचा ताबा घेतो. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तयार झालेल्या मेसा या भाषेने हा नियम सैल केला. जाग आणणे ही तेथे केवळ एक सूचना ठरली. उठलेल्या थ्रेडने परिस्थिती स्वत: पुन्हा तपासावी, असे ठरले. बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी १९८० मध्ये हा अनुभव शब्दबद्ध केला. जावाने मेसाचाच मार्ग स्वीकारला.

‘वेट’ ही आज्ञा देणारा थ्रेड कुलूप सोडतो आणि प्रतीक्षागृहात जातो. या दोन्ही क्रिया अविभाज्य असतात. त्यांच्यामध्ये दुसऱ्या कोणाला शिरकाव नसतो. ‘नोटिफाय’ प्रतीक्षा करणाऱ्यांपैकी कोणत्याही एकाला उठवते, तर ‘नोटिफायऑल’ सर्वांना. उठलेल्याला कुलूप मात्र नव्याने मिळवावे लागते आणि तोवर दुसऱ्याने माहिती बदललेली असू शकते. शिवाय कोणीही हाक न देता थ्रेड जागा होण्याची मुभा जावाच्या नियमांनी दिलेली आहे. त्यामुळे अट ‘इफ’ने एकदाच न तपासता ‘व्हाइल’च्या फेऱ्यात तपासावी, हा दंडक जावाच्या प्रत्येक अभ्यासकाला प्रारंभीच शिकवला जातो.

हरवलेली हाक

खरा धोका असतो तो वेळेच्या चुकीचा. झोपणारा थ्रेड अट तपासतो, ती अपुरी असल्याचे पाहतो आणि निजायला निघतो. नेमक्या त्याच क्षणी दुसरा थ्रेड अट पूर्ण करून हाक देतो. हाक ऐकायला अजून कोणी निजलेलेच नसते. ती विरून जाते. मग पहिला थ्रेड निजतो, तो कायमचाच. जावातील ‘सस्पेंड’ आणि ‘रिझ्यूम’ या जुन्या आज्ञांमध्ये हा दोष होता. त्याशिवाय थांबवलेला थ्रेड हातातील कुलुपे तशीच धरून बसत असे. त्यामुळे १९९८ च्या जावा १.२ पासून त्या वापरू नयेत, असे अधिकृतपणे सांगण्यात आले.

यावरचा उपाय २००४ च्या जावा ५ या आवृत्तीत आला. डग ली यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या समांतर कार्याच्या संचात ‘पार्क’ आणि ‘अनपार्क’ या आज्ञा होत्या. प्रत्येक थ्रेडपाशी एक परवाना असतो. ‘अनपार्क’ तो उपलब्ध करते. ‘पार्क’ तो खर्च करते. हाक आधी आली तर परवाना शिल्लक राहतो आणि नंतरची ‘पार्क’ न निजता लगेच परतते. परवाने साठत मात्र नाहीत. दहा हाका आल्या तरी परवाना एकच. या साध्या योजनेने हरवणाऱ्या हाकेचा प्रश्न सुटला, असे वाटले.

दोन चुका, एकच लक्षण

२००९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते डेव्ह डाइस यांनी हॉटस्पॉटमधील एक सूक्ष्म चूक उघड केली. परवाना आधीच उपलब्ध असेल तर ‘पार्क’ तो शून्य करून झटपट परतत असे. परंतु आधुनिक प्रोसेसर लिहिलेली किंमत काही काळ राखून ठेवतो आणि पुढचे वाचन आधी उरकतो. परिणामी थ्रेड कुलपाची जुनी स्थिती वाचत असे. दरम्यान दुसरा थ्रेड नवा परवाना देत असे. आणि उशिरा उतरलेले शून्य तो नवा परवाना पुसून टाकत असे. क्रम राखणारी एकच सूचना तेथे राहून गेली होती.

दुसरी चूक आभासी यंत्राच्या बाहेरची. लिनक्सवर थ्रेडची निद्रा अखेरीस ‘फ्यूटेक्स’ या सोयीवर विसंबते. अपेक्षित किंमत अजून तीच आहे ना, हे तपासूनच ती थ्रेडला निजवते. २०१४ च्या आरंभी लिनक्सच्या गाभ्यात केलेल्या एका बदलात असाच क्रमरक्षक एका वाटेवर सुटला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तो दुरुस्त झाला. परंतु सदोष बदल काही प्रचलित वितरणांत पोहोचला होता. ॲझुल सिस्टिम्सचे गिल टेने यांनी २०१५ मध्ये याकडे लक्ष वेधले, तोवर अनेक जण हाक मिळूनही न उठणाऱ्या थ्रेड्सचे कोडे आपल्याच आज्ञावलीत शोधत होते.

नवे थ्रेड, जुना प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ ने आभासी थ्रेड ही सोय पक्की केली. असा थ्रेड निजला की त्याचा पसारा स्मृतीत बाजूला ठेवला जातो आणि त्याला वाहणारा कार्यप्रणालीचा थ्रेड दुसऱ्या कामाला मोकळा होतो. त्यामुळे लक्षावधी प्रतीक्षा स्वस्तात परवडतात. मात्र ‘सिंक्रोनाइज्ड’ भागात निजलेला आभासी थ्रेड आपल्या वाहकाला अडकवून ठेवत असे. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये वर्णन केलेल्या प्रसंगात चारही वाहक असे अडकले होते. कुलूप मोकळे झाले, हाकही दिली गेली. पण ज्याला हाक दिली त्या आभासी थ्रेडला चालवायला वाहकच उरला नव्हता. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये हे बंधन बहुतांशी दूर करण्यात आले.

प्रणाली अशी निश्चल झाली, तर ती घाईने बंद करून पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘जेस्टॅक’ या साधनाने थ्रेड्सची स्थिती टिपून घेणे हिताचे. ‘ब्लॉक्ड’ म्हणजे मॉनिटरचे कुलूप मिळण्याची प्रतीक्षा; ‘वेटिंग’ म्हणजे हाकेची; ‘टाइम्ड वेटिंग’ म्हणजे ठरावीक मुदतीची. काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीन नोंदी घेतल्यास कोण कोणासाठी थांबले आहे, हे उलगडते. आभासी थ्रेड या नोंदीत सहसा दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ‘जेसीएमडी’ची स्वतंत्र नोंद घ्यावी लागते. सर्वच जण थांबले आहेत आणि कुलूप कोणाच्याच हाती नाही, असे चित्र दिसले, तर हरवलेल्या हाकेचा संशय घेण्यास जागा आहे. पुन्हा सुरू केलेली प्रणाली चालू लागते खरी; पण तिच्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो.