शाळेचें दप्तर : एक उपेक्षित इतिहाससाधन

१. प्रास्ताविक

पुण्यांतील इंग्रजी शाळांच्या उत्पत्तीसंबंधानें आजपर्यंत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. संस्थापकांचीं चरित्रें, संस्थांच्या महोत्सवांचे ग्रंथ, व्याख्यानें व स्मरणिका यांची वाण नाहीं. परंतु त्या शाळांच्या बांकांवर कोण बसले, ते कोठून आले, किती दिवस टिकले व कां गेले, या प्रश्नांचें उत्तर या ग्रंथांत क्वचितच मिळतें. तें ज्या कागदांत आहे ते कागद म्हणजे शाळेचें दप्तर : प्रवेशनिर्गमाची नोंदवही, हजेरीपट, फीचें पुस्तक, नादारीचे अर्ज आणि तपासनिसांचें शेरेबुक. सरदारांचीं दप्तरें, कुलवृत्तान्त व देवळांतील पोथ्या यांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आम्हां संग्राहकांनीं या कागदांना साधन म्हणून मानिलेंच नाहीं. तें मानावें, व विलंब न करितां मानावें, इतकेंच सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आम्हीं कुरकुंभचे राहणारे. पुणें-सोलापूर रस्त्यावरील हें गांव फिरंगाईच्या स्थानामुळें आसपासच्या मुलुखांत प्रसिद्ध आहे. पूर्वीं तें भीमथडी तालुक्यांत मोडत असे, हल्लीं दौंड तालुक्यांत आहे. आणि आज परक्यांना तें औद्योगिक वसाहतीच्या नांवानेंच अधिक परिचित आहे. शहरच्या शाळेचा इतिहास गांवांत बसून कां लिहावा, अशी शंका कोणी घेईल. त्यास उत्तर असें कीं, शाळा शहराची खरी, परंतु तिच्यावर खर्च झालेला पैसा केवळ शहराचा नव्हता. तो कोठून आला व त्याच्या मोबदल्यांत कोणास काय मिळालें, हा हिशेब गांवाकडून पाहिल्यास अधिक स्पष्ट दिसतो.

२. दक्षिणेपासून हायस्कुलापर्यंत

पुण्यांतील सरकारी विद्यालयाचें मूळ पेशव्यांच्या श्रावणमासांतील दक्षिणेंत आहे. ही दक्षिणा सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं सुरू केली व पुढें ती पेशव्यांनीं चालविली. इ. स. १८१८ त राज्य गेलें. ही देणगी एकदम बंद केल्यास लोकांत असंतोष होईल हें ओळखून एल्फिन्स्टन यांनीं तिचा कांहीं भाग विद्येकडे वळविण्याचें धोरण ठेविलें, आणि कमिशनर चॅप्लिन यांच्या कारकीर्दींत शके १७४३ म्हणजे इ. स. १८२१ च्या आक्टोबरांत विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. जो वाडा दुसऱ्या बाजीरावानें स्वतःच्या विलासाकरितां बांधिला, त्यांत व्याकरण, न्याय, ज्योतिष व धर्मशास्त्र यांचे पाठ चालूं लागले. दक्षिणा ब्राह्मणांची, तशी पाठशाळाही आरंभीं ब्राह्मणांचीच होती.

१८३२ त बुधवारवाड्यांत इंग्रजी शाळा निघाली. १८४९ त दक्षिणेच्या रकमेचा उपयोग मराठी ग्रंथरचनेस उत्तेजन देण्याकडे व्हावा असा अर्ज पुण्यांतील सुधारक मंडळींनीं केला, व त्यावरून शहरांत मोठी खळबळ उडाली. त्या प्रसंगीं अर्जदारांच्या पाठीशीं जोतीराव फुले उभे राहिले होते. १८५१ त पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें, आणि त्याचें द्वार इतर जातींसही मोकळें झालें. मेजर कँडी, व त्यांच्यामागून पुढें कवि म्हणून प्रसिद्धीस आलेले एड्विन आर्नोल्ड, हे त्याचे मुख्य होते. पुढें कॉलेजाचा वर्ग शाळेपासून निराळा झाला, १८६४ त त्यास डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें, व १८६८ त तें येरवड्याच्या नव्या इमारतींत गेलें. शाळेचा भाग हायस्कूल म्हणून शहरांत राहिला.

येथें पोथ्यांच्या संग्राहकांस एक गोष्ट सहज आठवेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत जो सरकारी हस्तलिखितांचा संग्रह आहे, त्यांतील एक भाग ‘विश्रामबाग संग्रह’ या नांवानें ओळखला जातो. पाठशाळेंतील पोथ्या डेक्कन कॉलेजांत गेल्या, आणि तेथून १९१८ त, मंदिराच्या स्थापनेच्या दुसऱ्याच वर्षीं, इतर सरकारी संग्रहाबरोबर मंदिरांत आल्या. त्यांच्या याद्या झाल्या, क्रमांक पडले, पानें व ओळी मोजल्या गेल्या. पोथीचें वय, लेखकाचें नांव, पत्र त्रुटित कीं संपूर्ण, हें सर्व आपण सांगतों. परंतु त्याच वाड्यांत ती पोथी मांडीवर घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याचें नांव-गांव विचारण्याचें आपणांस सुचलें नाहीं. साधन काय व अडगळ काय, हा भेद आपल्या मनांत असा प्रथमपासूनच रुजलेला आहे.

३. हायस्कूल व इतिहाससंशोधन

या उपेक्षेचें अधिक नवल वाटण्याचें कारण असें कीं, आपला हा संशोधनाचा व्यवसायच मुळीं शाळामास्तरांनीं सुरू केलेला आहे. बखरी व पत्रें छापण्याकरितां १८७८ त जें ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघालें, त्याच्या चालकांपैकीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व काशीनाथ नारायण साने हे दोघेही सरकारी शिक्षणखात्यांतील शिक्षक होते. शास्त्रीबोवांनीं १८७९ त ती नोकरी सोडिली. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत बुधवारवाडा व विश्रामबाग या दोन्ही वाड्यांना आग लागली. बुधवारवाडा तर नाहींसाच झाला. दगडी जोत्याच्या वाड्यांतला कागदही सुरक्षित नसतो, हा धडा त्या आगीनें तेव्हांच दिला होता.

पुढील वर्षाच्या आरंभीं, शके १८०१ मध्यें म्हणजे १८८० च्या जानेवारींत, शास्त्रीबोवा व बाळ गंगाधर टिळक यांनीं न्यू इंग्लिश स्कूल उघडिलें. महादेव बल्लाळ नामजोशी, वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर हे त्यांस येऊन मिळाले. १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ त फर्ग्युसन कॉलेज हीं याच शाळेंतून उत्पन्न झालीं. ज्या आपट्यांचा १८९० त प्रसिद्ध झालेला संस्कृत-इंग्रजी कोश आम्हीं चाळीस वर्षें टेबलावर ठेविला, तेही या शाळेचे शिक्षक होते. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे हायस्कुलांत संस्कृत शिकवीत, आणि त्याच नोकरीच्या जोडीला पटवर्धनांचीं दप्तरें चाळून त्यांनीं १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला. १९१० त राजवाड्यांच्या पुढाकारानें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्यापूर्वींची ही भूमिका अशी शाळांच्या वर्गांत तयार झाली होती. मुलांच्या वह्या तपासणाऱ्या हातांनींच बखरी तपासल्या. त्या हातांनीं ठेविलेले हजेरीपट मात्र कोणी तपासले नाहींत.

४. एका कमिशनपुढील दोन साक्षी

१८८२ त सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण-कमिशन पुण्यास आलें. हंटर यांनीं न्यू इंग्लिश स्कूल पाहून त्याची मुक्तकंठानें वाखाणणी केली. सरकारी आश्रयावांचून देशी तरुणांनीं चालविलेली शाळा एवढी योग्यतेस चढावी, याचें त्यांस आश्चर्य वाटलें. ही हकीकत शाळेच्या प्रत्येक इतिहासांत असते, व ती असणें योग्यच आहे.

त्याच कमिशनास त्याच वर्षाच्या आक्टोबरांत जोतीराव फुले यांनीं एक निवेदन सादर केलें. त्याचा आशय असा : सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या श्रमांतून येतो, परंतु शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, म्हणून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, आणि त्यांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब व शेतीचें ज्ञान असावें. एक साक्ष शाळेच्या गुणाची, दुसरी शाळेच्या बाहेर राहिलेल्यांची. इतिहासकारानें या दोहोंपैकीं एकच वाचून चालणार नाहीं.

आमच्या मुलुखांत दुसऱ्या साक्षीचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाहीं. निवेदनापूर्वीं सातच वर्षें, १८७५ च्या मे महिन्यांत, भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं रयत सावकारांवर उठली व तिनें त्यांचे रोखे व खतें जाळिलीं. दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध असलेल्या प्रकरणाचा तो आरंभ होय. शेतसारा, पडलेले भाव व कर्ज हीं त्याचीं कारणें सर्वांस ठाऊक आहेत. आम्हां कागद जपणारांस त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ज्या खतांवर त्या लोकांनीं अंगठे व नांगराच्या निशाण्या केल्या होत्या, त्यांतला मजकूर त्यांपैकीं बहुतेकांस वाचतां येत नव्हता. न वाचतां येणाऱ्या कागदाशीं त्यांनीं शेवटीं अग्नीनें व्यवहार केला. आणि याच रयतेकडून शेतसाऱ्याबरोबर रुपयामागें एक आणा लोकलफंड घेतला जात असे, व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लावीत.

या दोन साक्षी कायमच्या परस्परविरुद्ध राहिल्या असेंही नाहीं. ज्या शाळेची हंटर यांनीं स्तुति केली, तिच्यांतच पुढें शिक्षक झालेले गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ त सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेकौन्सिलांत आणिलें. १९१२ त तें नापास झालें. १९१९ त भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था काढून हेंच काम खेड्याच्या बाजूनें हातीं घेतलें. सबंध देशास लागू होणारा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायद्यानें मिळाला तो २००९ त, म्हणजे जोतीरावांच्या निवेदनानंतर एकशें सत्तावीस वर्षांनीं.

५. नोंदवहींतला समाज

आतां शाळेच्या दप्तरांत काय असतें तें पाहूं. प्रवेशनिर्गमाच्या नोंदवहींत अनुक्रमांक, मुलाचें नांव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वींची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचें कारण अशीं घरें असतात. दिसण्यांत हा तक्ता रुक्ष आहे. परंतु जन्मस्थळाचें घर पूर्वींच्या शाळेशीं ताडून पाहिल्यास मूल गांवांतून शहरांत केव्हां आलें हें कळतें. १८५८ त पुण्यापासून दिक्साळपर्यंत लोहमार्ग झाला, त्याच्या बाजूच्या गांवचीं मुलें शहरच्या शाळेंत केव्हांपासून वाढलीं, हें या दोन घरांवरून वर्षवार मोजतां येईल.

सोडण्याच्या कारणाचें घर तर बखरीइतकें बोलकें असतें. ‘सतत गैरहजर’, ‘फी थकली’, ‘परगांवीं गेला’, ‘मयत’ : चार शब्दांत एकेका घराची हकीकत येते. फीच्या पुस्तकावरून नादारी कोणास मिळाली हें दिसतें. शहरांत शिकणारे कित्येक गरीब विद्यार्थी आठवड्याचे वार लावून निरनिराळ्या घरीं जेवीत, कित्येक माधुकरी मागत. ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांची होती. इतर जातींच्या खेडवळ मुलास शहरांत जेवावें कोठें हाच पहिला प्रश्न असे, आणि शाळेचें दार उघडें असूनही तो दाराशीं कां पोंचला नाहीं याचें उत्तर पुष्कळदा त्या एका प्रश्नांत आहे. भाऊराव पाटलांनीं वर्गाबरोबर वसतिगृहावर भर दिला तो यामुळेंच. मुलींच्या बाबतींत हाच प्रश्न आणखी कठीण होता. जोतीराव व सावित्रीबाईंची १८४८ ची भिड्यांच्या वाड्यांतील शाळा आणि १८८४ त हुजूरपागेच्या रूपानें निघालेलें मुलींचें हायस्कूल यांमध्यें छत्तीस वर्षें गेलीं.

साधन म्हटलें कीं त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. जन्मतारखेच्या घरावर आंधळा विश्वास ठेवूं नये. खेड्यांत पालकांस तारीख सांगतां आली नाहीं म्हणजे मास्तर मुलाचें वय अदमासें धरून एक जून ही तारीख लिहीत. आमच्या वर्गांतले निम्मे सोबती त्या एकाच दिवशीं जन्मले होते! आडनांवें मध्येंच बदलतात. जातीच्या घरांत लिहिणाराच्या समजुतीचा भाग असतो. परंतु बखरींतील तिथि तपासून घेणाऱ्यांस हे दोष अडवूं शकत नाहींत. उलट पद्धतशीर चूक ही देखील माहितीच असते.

६. आमचा स्वतःचा अपराध

हें सर्व आम्हीं उपदेशक म्हणून लिहीत नाहीं. आम्हीं नोकरींत असतां एका शाळेंत इमारतीच्या दुरुस्तीसाठीं जुनें कपाट रिकामें करण्यांत आलें. आंत वाळवी लागलेल्या नोंदवह्या व हजेरीपटांचे गठ्ठे होते, आणि त्यांच्याखालीं कोणी ठेविलेली अमरकोशाची एक त्रुटित पोथी होती. आम्हीं ती पोथी झटकून, फडक्यांत बांधून मोठ्या आनंदानें घरीं आणिली. गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूवर चढत होते, तिकडे आम्हीं पाठ फिरविली. अमरकोशाच्या पोथ्या महाराष्ट्रांत हजारों आहेत. ती एक गेली असती तर अमरसिंहाचें कांहीं बिघडलें नसतें.

पुढें कांहीं वर्षांनीं एक वृद्ध गृहस्थ आपल्या वडिलांच्या नांवाचा उतारा मागावयास आले. त्या शाळेंत ते शिकले होते एवढेंच त्यांस ठाऊक होतें. उतारा मिळाला नाहीं. जातांना ते इतकेंच म्हणाले, “गुरुजी, आमच्या घरांत शाळेचं तोंड पाहिलेला तो पहिला माणूस. त्याचं नांव कुठंतरी लिहिलेलं असेल असं वाटलं होतं.” तेव्हांपासून ती पोथी आम्हांस उघडवत नाहीं.

२०२३ त कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, तेव्हां शाळांच्या जुन्या नोंदवह्या एकाएकीं शोधल्या जाऊं लागल्या व मोडी जाणणारांस बोलावणीं येऊं लागलीं. त्या वादांत पडण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु ज्या वह्या आम्हीं अडगळ समजत होतों, त्यांतील एका ओळीसाठीं लोक रांगा लावूं शकतात, हें तेव्हां सर्वांनीं पाहिलें. गरज लागली म्हणजे शोधणें हें कारकुनाचें काम. गरज लागण्यापूर्वीं जपणें हें संशोधकाचें.

७. विनंति

संग्राहक बंधूंस आमची विनंति अशी कीं, प्रत्येकानें आपल्या जवळच्या एका तरी जुन्या शाळेंत जाऊन दप्तर कोठें व कोणत्या स्थितींत आहे हें मुख्याध्यापकांच्या संमतीनें पहावें. मूळ वह्या शाळेंतून हलवूं नयेत. त्या तिच्या आहेत. पानांचीं छायाचित्रें घ्यावींत, वर्षवार यादी करावी, आणि एक प्रत शाळेंत व एक मंडळांत ठेवावी. हयात व्यक्तींच्या नोंदी प्रसिद्ध करूं नयेत. पोथीच्या वर्णनांत जशीं पत्रें, ओळी व लेखनकाल देतों, तशीं नोंदवहीचीं पानें, आरंभ-अंताच्या तारखा व गाळलेलीं वर्षें द्यावींत.

कुरकुंभचा रुपया विश्रामबागेपर्यंत पोंचला, हें खजिन्याच्या हिशेबावरून सिद्ध होतें. कुरकुंभचा मुलगा तेथें केव्हां पोंचला, हें शाळेच्या दप्तरावरूनच सिद्ध होईल. वाळवीनें वाचून संपविण्यापूर्वीं तें आपण वाचावें, इतकेंच.